बाळाच्या मागे वीस वर्षं

या महिन्यासाठी आम्ही वाचकांना विषय दिला होता ‘मुलांच्या वाढीचा दीर्घकालीन अभ्यास आणि त्यातलं करिअर’. नव्याने जन्मलेल्या बाळांचा एक गट निवडायचा आणि तीच मुलं पाळण्यातून उठून कॉलेजात, नोकरीत, सासरी जाईपर्यंत ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासायची, असं हे काम. संशोधक अशा गटाला ‘कोहोर्ट’ म्हणतात, खालीही तोच शब्द येईल. बालरोग, पोषण, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या क्षेत्रांतल्या मंडळींनी मिळून उत्तरं दिली आहेत.

मला लहान मुलांच्या आजारांवर संशोधन करायचं आहे. त्यासाठी डॉक्टर व्हावंच लागतं का? एकूण किती वर्षं जातात? (बारावीची विद्यार्थिनी, बार्शी)

व्हावंच लागतं असं नाही. कोहोर्टवर काम करणाऱ्या पथकात डॉक्टर थोडे असतात. बाकी आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, जीवरसायन प्रयोगशाळेतले लोक, संख्याशास्त्रज्ञ, डेटा सांभाळणारे आणि गावोगाव फिरणारे क्षेत्र कार्यकर्ते असतात.

डॉक्टरकीची वाट धरलीत तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, मग एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप आणि बालरोगाच्या एमडीची तीन वर्षं, म्हणजे साडेआठ वर्षं झाली. त्यापुढे नवजात शिशुशास्त्रात डीएम करायचं तर आणखी तीन. यातल्या कुठल्याच टप्प्यावर संशोधनाची पद्धत पुरेशी शिकवली जात नाही. ती वेगळी शिकावी लागते. एमबीबीएसला असतानाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळते. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प स्वतः लिहायचा, करायचा आणि त्याचा अहवाल द्यायचा. प्रकल्प साधा असला तरी प्रश्न कसा मांडायचा, नैतिक समितीची परवानगी कशी घ्यायची, हे त्यात समजतं.

डॉक्टर व्हायचं नसेल तर पोषण, मानसशास्त्र, संख्याशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात एमएस्सी आणि मग पीएचडी. लोकसंख्येच्या बाजूने यायचं तर मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत करता येते. आमच्या मते या कामात संख्याशास्त्र येणाऱ्या माणसाची चणचण डॉक्टरपेक्षा जास्त आहे. गणित आवडत असेल तर घाबरून ते सोडू नका.

एमडी बालरोगाचं पहिलं वर्ष आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा पाठपुरावा हा प्रबंधाचा विषय घ्यायचा आहे. वरिष्ठ म्हणतात, फॉलोअपच्या भानगडीत पडू नको, अडकशील. खरं काय? (निवासी डॉक्टर, नागपूर)

वरिष्ठांचं म्हणणं अनुभवाचं आहे, पण हिशोब नीट केला तर प्रबंध बसतो. महिने मोजून पाहा. रूपरेषा आणि नैतिक समितीची मंजुरी यांत पहिले सहा महिने जातात. सातव्या ते बाराव्या महिन्यात नावनोंदणी. बाराव्या महिन्यात, दोन महिने आधी जन्मलेलं बाळ नोंदवलंत तर त्याचं दुरुस्त वय (म्हणजे पूर्ण दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजलेलं वय) एक वर्ष व्हायला चौदा महिने लागतील, म्हणजे तुमचा सव्विसावा महिना. प्रबंध साधारण तिसाव्या महिन्यात द्यायचा असतो. मधल्या चार महिन्यांत विश्लेषण आणि लेखन. नावनोंदणी सहाच्या जागी नऊ महिने लांबली की सगळं कोलमडतं. तेव्हा बाळं कमी घ्या, पण नोंदणी वेळेवर बंद करा.

दुरुस्त वयाचा घोळ बहुतेक नवख्यांकडून होतो. बाळ ३२ आठवड्यांचं जन्मलं, तर ते ४० पेक्षा ८ आठवडे आधी आलं. जन्मापासून सहा महिने झाले की त्याचं दुरुस्त वय चार महिने. मान धरणं, बसणं, वजन, लांबी, सगळं चार महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहायचं. ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत करतात. लसीकरणाला मात्र ती लावायची नाही. लस जन्मतारखेनेच द्यायची.

आता बाळं हरवतात कशी, ते बघा. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. केसपेपरवर पत्ता माहेरचा आणि फोन वडिलांचा किंवा भावाचा. तीन-चार महिन्यांनी ती बाळ घेऊन सासरी जाते आणि तुमची सहा महिन्यांची भेट हुकते. त्यात डिस्चार्जच्या दिवशी बाळाचं बारसं झालेलं नसतं. तुमच्या वहीत ‘बेबी ऑफ अमुक’, आणि पुढे लसीकरणाच्या कार्डावर वेगळंच नाव. म्हणून नोंदणीच्या दिवशीच दोन्हीकडचे पत्ते खुणेसकट घ्या (‘मारुतीच्या देवळामागे’ हे पिनकोडपेक्षा कामी येतं), तीन वेगवेगळ्या माणसांचे फोन घ्या, सासरच्या गावच्या आशाताईंचं नाव विचारा. प्रत्येक नंबर समोरच लावून बघा. बाळाला नावाऐवजी अभ्यास क्रमांक द्या आणि शेवटचा अंक पडताळणीचा ठेवा, म्हणजे क्रमांक लिहिताना झालेली चूक संगणक लगेच पकडतो. ऊसतोड कामगारांची बाळं असतील तर दिवाळीनंतर ती कारखान्याच्या टोळीबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. भेटीच्या तारखा त्या हिशोबाने लावा.

भेटी दुरुस्त वयाच्या ३, ६, ९ आणि १२ महिन्यांना ठेवा, दोन आठवडे अलीकडे-पलीकडे चालेल. भेटीत काम नुसतं मोजण्याचं ठेवू नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासायला हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर त्याही आधी, दोन-तीन आठवड्यांतच. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, शंका आल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आईला या भेटीत काही मिळालं तर ती पुढच्या भेटीला येईल. नुसतं डोकं मोजून पाठवलंत तर येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी हेच काम अठरा वर्षं केलं. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली २ किलोच्या आतली बाळं त्यांनी घेतली, तुलनेला पूर्ण दिवसांची बाळं घेतली आणि बारा वर्षांनी, अठरा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली. बाराव्या वर्षी दोन गटांच्या सरासरी बुद्ध्यांकात सात-आठ गुणांचा फरक होता. वेळेआधी जन्मलेली आणि शिवाय त्या आठवड्यांच्या मानानेही वजन कमी असलेली मुलं सर्वांत मागे होती. त्या काळी मोबाइल नव्हते, हे लक्षात घ्या.

आम्ही दर महिन्याला मुलं मोजतो. नुकतेच संशोधनाचे लोक आले, त्यांनी तीच मुलं पुन्हा मोजली आणि आमचे आकडे चुकीचे म्हणाले. मोजण्यात एवढं काय चुकतं? (अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा)

बरंच काही. ते आपल्या हातून, त्यांच्या हातून, सगळ्यांच्याच हातून चुकतं. म्हणून तर संशोधनात प्रत्येक माप दोनदा घेतात.

वजनापासून सुरू करू. काटा रोज सकाळी शून्यावर आणायचा आणि माहीत असलेलं वजन, म्हणजे ५ किलोचं प्रमाणित माप, ठेवून तपासायचा. सारवलेली जमीन उंचसखल असते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक काटा तिरका बसून चुकतो. खाली जाड प्लायवूडची फळी टाका. बाळाच्या अंगावरचं झबलं, कानटोपी, दुपटं काढायचं. चांदीचे वाळे, बिंदल्या, कमरेची साखळी काढू देत नसतील तर नोंदीत तसं लिहा आणि पुढच्या वेळीही ते अंगावर असतानाच वजन घ्या. टांगता स्प्रिंगचा काटा १०० ग्रॅमच्या रेघांचा असतो. त्यावर महिन्याभरातली ५०-६० ग्रॅमची वाढ दिसणारच नाही, तेव्हा ‘बाळ वाढलं नाही’ असं आईला एका मापावरून सांगू नका.

लांबीत गडबड जास्त. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आडवं झोपवून मोजायचं, त्यानंतर उभं करून. झोपून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. वाढीच्या तक्त्यात हा फरक धरलेला आहे. सव्वा वर्षाच्या मुलाला उभं करून मोजलंत तर आकड्यात ०.७ मिळवून मग तक्ता बघायचा. लांबी मोजायला माणसं दोन लागतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून नजर सरळ छताकडे ठेवायची, दुसऱ्याने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पावलं सरकत्या फळीला सपाट लावायची. एकटीने केलं की पाय वाकलेला राहतो आणि लांबी कमी भरते. मुलींची वेणी, अंबाडा, टोकदार क्लिप यांनी उंची वाढते, ते सोडायचं.

एक सेंटिमीटर म्हणजे किरकोळ नाही. दोन वर्षांच्या मुलांमध्ये उंचीचं प्रमाण विचलन (मुलं मधल्या उंचीपासून किती पसरली आहेत ते सांगणारी पायरी) तीन सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे एका सेंटिमीटरच्या चुकीने मूल एक तृतीयांश पायरी वर किंवा खाली सरकतं. खुरटलेपणाची रेघ मधल्या उंचीच्या दोन पायऱ्या खाली, उणे दोनवर आहे. रेघेजवळची कितीतरी मुलं एवढ्याने इकडची तिकडे होतात. वयाची चूकही तितकीच महाग पडते. वर्षाच्या सुमारास बाळ महिन्याला सव्वा सेंटिमीटर लांब होतं, त्यामुळे एका महिन्याने चुकलेली जन्मतारीख म्हणजे सव्वा सेंटिमीटरची चूक. जन्मदाखला नसेल तर ‘पोळ्याआधी की नंतर, होळीला किती दिवस होते’ असं विचारत तारीख काढायची.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतली मुलं मोजून २००६ मध्ये नवे वाढीचे तक्ते दिले. त्या अभ्यासात दोन जणी एकच बाळ वेगवेगळं मोजायच्या. दोघींच्या लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा, वजनात १०० ग्रॅमपेक्षा, डोक्याच्या किंवा दंडाच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनीही पुन्हा मोजायचं. ही पद्धत तुम्हाला मदतनीसताईंबरोबर महिन्यातून पाच मुलांवर करून बघता येईल. आणखी एक तपासणी तुमच्या वहीतच आहे. उंचीच्या आकड्यातला दशांश चिन्हानंतरचा अंक बघा. शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक साधारण दहातून एकदा यायला हवा. सगळीकडे .० आणि .५ दिसले तर आपण मोजत नाही, अंदाजाने गोल करतो आहोत.

वाचलं होतं की जन्मतः किरकोळ असलेल्या मुलांना पुढे मधुमेह होतो. हे उलटंच वाटतं. मग माझ्या अडीच किलोच्या नातवाला लवकर गुटगुटीत करायचं की नाही? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उलटं वाटतं खरं. याचा बराचसा शोध पुण्यातच लागला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केईएमतर्फे पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत, त्यामुळे गर्भधारणा नेमकी कधी झाली ते कळत असे. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर नवीन काही नाही. पण खांद्याच्या फऱ्याखालची त्वचेची घडी चिमट्याने मोजली तेव्हा गंमत दिसली. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीदार. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

या गावांतल्या साधारण दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, फोलेटची (फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळतं ते जीवनसत्त्व) कमतरता मात्र क्वचितच आढळली. ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून २०१२ पासून याच कोहोर्टमधल्या, तोवर सतरा-अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींना दिवसाला २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, ते पाहणारी चाचणी सुरू केली. यावरून गरोदर सुनेच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कुणी बंद करू नयेत. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या व्यंगांपासून त्या वाचवतात. ब-१२ कमी असेल तर ते भरून काढायचं.

आता नातवाकडे. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बाळांचा कोहोर्ट आहे. त्यातली सुमारे दीड हजार माणसं २६ ते ३२ वर्षांची असताना तपासली. ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ती पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि नंतर, विशेषतः शाळेच्या वयात, त्यांचा बीएमआय भराभर चढला होता. बाराव्या वर्षीही त्यांतलं कुणीच लठ्ठ नव्हतं. फक्त स्वतःच्या लहानपणच्या मानाने ती जाड झाली होती. तेव्हा पहिली दोन वर्षं नातवाला नीट वाढू द्या, विशेषतः लांबीत. सहा महिने फक्त आईचं दूध, सहा महिने पूर्ण होताच घट्ट वरण-भात, खिचडी, नाचणीची पेज, अंडं किंवा मासे, वर चमचाभर तूप. पातळ डाळीच्या पाण्यावर ठेवू नका. दोन वर्षांनंतर वजनाबरोबर उंचीही लिहीत जा. उंची रेंगाळते आहे आणि वजन धावतं आहे असं दिसलं तर बिस्किटं, गोड पावडरी, चहात बुडवलेली खारी आधी थांबवा. उपाशी मात्र ठेवायचं नाही. गुटगुटीत हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे, त्याला आता थोडी पट्टी लावायला हवी.

मुलगा जन्मला तेव्हा १.८ किलोचा होता. आता पाच वर्षांचा, १५ किलो. रुग्णालयाच्या अभ्यासासाठी त्याचं रक्त आणि हाडांचा स्कॅन हवा म्हणतात. हो म्हणावं का? (एक आई, सांगली)

निर्णय तुमचाच आहे. नाही म्हटलंत तरी मुलाच्या उपचारांत कसलाही फरक पडता कामा नये. आधी मराठीतलं माहितीपत्रक मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यावर नैतिक समितीचा संपर्क हवा, कधीही बाहेर पडता येईल असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. रक्त पुढे साठवणार का, आणखी कोणत्या तपासण्या करणार, परदेशी पाठवणार का, हे वेगळं विचारा. साठवणीला स्वतंत्र हो-नाही असतं.

रक्त किती घेणार? मुलाच्या शरीरात किलोला सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे तुमच्या मुलाचं १२०० मिलिलिटर. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठी एका वेळी १ टक्क्यापेक्षा जास्त घेऊ नये, म्हणजे १२ मिलिलिटर. प्रत्यक्षात बहुधा पाचेक मिलिलिटर, एक चहाचा चमचा मागतात. हाडांच्या स्कॅनचा (त्याला डेक्सा म्हणतात) किरणोत्सार आपल्याला निसर्गातून दिवसा-दोन दिवसांत मिळतो तेवढाच. दुखण्याचा भाग सुईचा. बधिर करणारं मलम तासभर आधी लावाल का, आणि दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर थांबाल का, हे विचारा.

आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी मान्यता घ्यावी लागते, पालकांची संमती शिवाय असतेच. अठरा पूर्ण झाल्यावर त्याची स्वतःची संमती नव्याने घेतात. तुमचा मुलगा आज पाचाचा आहे, तरी तो रडून हात मागे घेत असेल तर त्या दिवशी सोडून द्यायला सांगा. अहवालात काही वेडंवाकडं निघालं तर कोण कळवणार आणि पुढे कुठे पाठवणार, हेही आधीच लिहून घ्या.

लहान मुलांच्या विकासचाचण्या मराठीत आणताना काय पथ्यं पाळावीत? (बालमानसशास्त्राच्या अभ्यासक, अमरावती)

अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आपल्याकडे बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी बसवलेली चाचणी आहे, डासी या नावाने ती ओळखतात. हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ पायऱ्या, ठरलेलं साहित्य, आणि प्रशिक्षणाशिवाय वापरू नये असा दंडक. नुसतं चाळून बघायचं असेल तर त्रिवेंद्रमचा सतरा प्रश्नांचा तक्ता पुरतो. तो निदान करत नाही, पुढे कुणाला पाठवायचं तेवढं सांगतो.

परदेशी चाचणी आणलीत तर आधी तिचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी. झेरॉक्सवर चालवलेल्या चाचणीचा शोधनिबंध न छापता परत येतो. मग एकाने मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत फिरवायची आणि दोन्ही ताडायच्या. खरी अडचण शब्दांपेक्षा वस्तूंची असते. हातमोजा, काटा-चमचा अशी चित्रं मेळघाटातल्या मुलाला का ओळखू यावीत? तिथे घरात कोरकू बोलतात. प्रमाण मराठीत विचारलंत तर शाळेची ओळख मोजाल, बुद्धी नाही. पेन्सिल कधी हातात न धरलेल्या मुलाला आधी पाच मिनिटं नुसतं गिरगटू द्या.

वेळापत्रक फार महत्त्वाचं. सुई टोचल्यावर चाचणी घेऊ नका, भुकेल्या मुलाचीही नको. उपाशीपोटी रक्त हवं असेल तर ते सकाळी पहिल्यांदा, मग पोहे-दूध, तासभर खेळ आणि नंतर चाचणी. शक्य असेल तर चाचणी दुसऱ्याच दिवशी. आई शेजारी बसून ‘सांग ना रे, घरी तर सांगतोस’ करते, तिला प्रेमाने मागे बसवा. आणि दहातल्या एका मुलाला दोन परीक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता गुण द्यावेत. दर सहा महिन्यांनी हे केलं नाही तर परीक्षक नकळत सैल होत जातो.

संख्याशास्त्रात एमएस्सी केलं आहे. अशा प्रकल्पात माझं काम नेमकं काय? (कोल्हापूर)

गळतीचा हिशोब. १००० बाळांपासून सुरुवात केली आणि दर वर्षी ३ टक्के गळाली, तर अठराव्या वर्षी सुमारे ५८० उरतात. गळती १ टक्क्यावर ठेवली तर ८३५. अडीचशे माणसांचा हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास चालू आहे. ती माणसं अडतीस वर्षांची असताना हयातांपैकी ९५ टक्के तपासणीला आली. परदेशी राहणाऱ्यांना विमानाचं तिकीट देऊन आणतात, आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरलेला असतो.

गळालेली मुलं उरलेल्यांसारखी नसतात. आपल्याकडे एक खास गळती म्हणजे लग्न. अठराव्या-विसाव्या वर्षीच्या तपासणीच्या फेरीला मुलींचं आडनाव, कधी नावही बदललेलं असतं. मुलगे सापडतात आणि मुली ‘बेपत्ता’ होतात. मग निष्कर्ष मुलग्यांचा आणि शीर्षक मुलांचं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर आलेल्या आणि न आलेल्या मुलांची जन्माच्या वेळची मापं, आईचं शिक्षण, गाव, लिंग शेजारी शेजारी मांडा. हा तक्ता निबंधात पहिला यायला हवा. दुसरं काम, कच्चा डेटा कधीही पुसायचा नाही. दुरुस्ती वेगळ्या फाइलीत, कुणी आणि का केली यासह. पंधरा वर्षांनी ती वाचणारा माणूस तुम्ही नसाल.

अकरा महिन्यांच्या कंत्राटावर प्रकल्पात बोलावणं आलं आहे. घ्यावं का? (एमएस्सी पोषण, पुणे)

पीएचडीच्या तयारीत असाल तर घ्या. केंद्राच्या दरांनुसार २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. पण प्रकल्पातली बरीच पदं या दराने भरत नाहीत, म्हणून नेमणूकपत्र नीट वाचा. प्रकल्पाचा निधी कधी संपतो, गावी जाण्याचा प्रवासखर्च वेगळा आहे का, प्रसूती रजा आहे का, आणि तुम्ही गोळा केलेल्या डेटावरच्या निबंधात नाव येणार का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तो पहिल्याच दिवशी विचारा. निधी दर तीन ते पाच वर्षांनी नव्याने मिळवावा लागतो आणि मुलं त्यासाठी वाढायची थांबत नाहीत. दोन निधींच्या मधल्या काळात प्रशिक्षित माणसं निघून जातात, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे.

मी प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली परिचारिका. तिथे १९७० च्या दशकापासूनच्या बाळंतपणाच्या नोंदवह्या आहेत, आता रद्दीत काढणार आहेत. त्यांचा काही उपयोग आहे का? (वेंगुर्ले)

आधी रद्दीवाल्याला थांबवा. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं वजन वह्यांत लिहीत असत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या मिळाल्या. १९८९ मध्ये त्यांनी ५६५४ पुरुषांच्या नोंदी मृत्यूच्या दाखल्यांशी जोडून दाखवलं, की वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. पुण्यातले अभ्यासही याच विचाराच्या वाटेवरचे.

तुमच्या वह्यांत चार गोष्टी आहेत का बघा: ग्रॅममध्ये किंवा पौंडांत लिहिलेलं जन्मवजन, जन्मतारीख, आईचं पूर्ण नाव आणि गाव. वजनं सगळी २.५ आणि ३ अशी गोल असतील तर उपयोग कमी. २.४, २.६५ अशी विखुरलेली असतील तर काटा खरंच वापरला होता. कोकणातल्या दमटपणाने पानं चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका, सावलीत पंख्याखाली उभ्या उघड्या ठेवून वाळवा. चिकटपट्टी लावू नका. वह्यांत रुग्णांची नावं आहेत, म्हणून फोनवर फोटो काढून कुणाला पाठवू नका. प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्या आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषध वैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाला पत्र लिहा. पत्रात वह्यांची संख्या, पहिलं आणि शेवटचं वर्ष आणि मधली कोणती वर्षं गहाळ आहेत, एवढं कळवा. वह्या तोवर लोखंडी कपाटात, जमिनीपासून वीतभर उंच.